शाईतील एकटे झाड कसे पाहावे?

पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेले एकच झाड. रंग नाहीत, मागे डोंगर नाही, फांदीवर पक्षी नाही, सावलीत विसावलेला माणूस नाही. नागपूरच्या कलादालनांतून आणि चित्रकला महाविद्यालयांच्या प्रदर्शनांतून असे एखादे चित्र हमखास आढळते. प्रेक्षक त्यापुढे क्षणभर थांबतो, मान हलवतो आणि 'एकाकीपणा' असे मनाशी म्हणून पुढच्या चित्राकडे वळतो. एक झाड म्हणजे एकाकी माणूस, काळा रंग म्हणजे दुःख, निष्पर्ण फांद्या म्हणजे संपलेली उमेद, असा हा सोपा शब्दकोश आहे. तो हाताशी असला की चित्र दहा सेकंदांत 'समजते'. पाहायचे मात्र राहून जाते.

या बाबतीत मराठी माणूस खरे तर भाग्यवान आहे. एकटेपण, एकाकीपण आणि एकांत अशा तीन अवस्थांसाठी आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत. एकटेपण ही नुसती संख्या आहे. एकाकीपण ही वेदना आहे. एकांत ही निवड आहे. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबा जाऊन बसत, ते एकांताच्या ओढीने. त्याला कोणी एकाकीपणा म्हणत नाही. शाईतील झाड एकटे आहे, एवढे कागदावर दिसते. ते एकाकी आहे की एकांतात, हे झाडांच्या संख्येवरून ठरत नाही. ते ठरते रेषेवरून, शाईत मिसळलेल्या पाण्यावरून आणि कागदावर सोडलेल्या कोऱ्या जागेवरून. म्हणून अर्थाकडे जाण्यापूर्वी शाई म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावे लागते.

काळ्यातील छटा

'शाई' हा शब्दच काळेपणातून आला आहे. फारसीत 'सियाह' म्हणजे काळा; त्यावरून स्याही आणि पुढे शाई. आपल्याकडे बोरूने लिहिणारे कारकून जी शाई वापरत, ती काजळी आणि डिंक यांची असे. चीन व जपानमधील चित्रकारांची शाईही मुळात त्याच कुळातली. दिव्याची किंवा पाइनचे लाकूड जाळून धरलेली काजळी आणि तिला बांधून ठेवणारा सरस, यांची कांडी करून ती वाळवतात. चित्र काढायला बसण्यापूर्वी, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी ही कांडी दगडावर पाण्यात उगाळायची. हात किती वेळ फिरला आणि पाणी किती घातले, यावर शाईचा गडदपणा अवलंबून. दाट काळ्यापासून जेमतेम दिसणाऱ्या करड्यापर्यंत साऱ्या छटा एकाच कांडीतून निघतात. एकट्या शाईत पाच रंग सामावलेले असतात, अशी चिनी चित्रपरंपरेची जुनी धारणा आहे. अशा चित्राला 'एकरंगी' म्हणणे सोयीचे असले, तरी पाहताना त्यातील छटा मोजता आल्या पाहिजेत.

दुसरी गोष्ट कागदाची. या चित्रांसाठी वापरला जाणारा कागद बहुधा शाई शोषून घेणारा असतो. तैलरंगात चुकलेला भाग खरवडता येतो किंवा त्यावर दुसरा थर देता येतो. शाईत ती सोय नाही. कुंचला जेथे थांबला तेथे शाई पसरते. जेथे वेगाने गेला तेथे ती तुटक होते आणि कागदाचा पांढरेपणा मधूनमधून डोकावतो. या कोरड्या, तुटक फटकाऱ्याला चिनी चित्रकार 'उडता पांढरा' म्हणतात. जुन्या झाडाची खरबरीत साल दाखवायला त्याच्याइतके नेमके साधन नाही. शाईच्या चित्रात हाताची गती, थांबणे, दाब, अडखळणे हे सारे जसेच्या तसे उमटते. झाड दिसते, त्याबरोबर ते झाड काढण्याचा वेळही दिसतो.

याचा प्रत्यय घ्यायचा, तर दोन निष्पर्ण झाडे शेजारी शेजारी कल्पावीत. एकाची रेषा सगळीकडे सारख्याच जाडीची, भीत भीत ओढलेली, पुन्हा पुन्हा गिरवलेली. दुसऱ्याचे खोड एका दमात वर गेलेले. वळणावर शाई साचलेली आणि टोकाला कोरडी झालेली. विषय तोच, पाने दोन्हीकडे नाहीत. तरीही पहिले झाड खचलेले वाटेल आणि दुसरे ताठ. हा फरक 'झाड' या चिन्हात नाही. तो हाताच्या हालचालीत आहे.

शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्यांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन विषय आठवत असतील. शाईचे झाड हे बव्हंशी स्मरणचित्र असते. चित्रकार झाडासमोर बसून पान न् पान उतरवत नाही. तो अनेक झाडे दीर्घकाळ पाहतो, फांदी खोडातून कशी फुटते, भार कसा तोलते, वाऱ्याला कशी वाकते हे मनात मुरवतो आणि मग आठवणीतून एक झाड काढतो. म्हणून 'हे कोणते झाड?' हा प्रश्न येथे अनेकदा निरुत्तर राहतो.

एकच रंग म्हणजे उदासी, या समजुतीला उत्तर शोधण्यासाठी चीनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रातील वारली चित्रे पारंपरिक रीतीने तांदळाच्या पिठीच्या पांढऱ्या रंगात, मातीने सारवलेल्या भिंतीवर काढली जातात. रंग तेथेही एकच. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रातील मोठे झाड पाहून कोणालाही दुःख आठवत नाही. एकरंगीपणाला स्वतःचा असा भाव नसतो. तो त्याला चित्रकार देतो.

कोरी जागा रिकामी नसते

शाईच्या चित्रात कागदाचा मोठा भाग कोराच राहतो. रंगीत चित्रांची सवय झालेल्या डोळ्याला हे अपुरे वाटते. हासेगावा तोहाकु या जपानी चित्रकाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस काढलेली पाइन वृक्षांची पडदेवजा चित्रे टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांत झाडे थोडी आणि कोरा कागद अधिक. काही झाडे गडद, काही पुसट, काही तर आहेत की नाहीत असा संशय यावा अशी. पाहता पाहता लक्षात येते, की त्या कोऱ्या कागदाचेच धुके झाले आहे. धुके कोणी रंगवलेले नाही. झाडांच्या छटा अशा योजल्या आहेत, की मधली जागा प्रेक्षकाच्या नजरेत धुके होऊन उतरते.

कोऱ्या जागेत अधिक बोचरे काही सांगता येते, याचे उदाहरण झाडाचे नसून एका लहानशा रोपाचे आहे. तेराव्या शतकात मंगोलांनी चीनमधील सोंग राजवट संपवली. त्या राजवटीशी एकनिष्ठ राहिलेला झेंग सिशियाओ हा विद्वान त्यानंतर ऑर्किडची रोपे काढत राहिला. त्याचे १३०६ सालचे असे एक चित्र जपानमधील ओसाका येथे आहे. चार-दोन पाती, एक फूल, एवढेच. मात्र रोपाखाली जमीन नाही आणि मुळेही नाहीत. ज्या मातीत ती रुजायची ती माती परक्यांनी नेली, मग जमीन दाखवायची कोणती, असा त्याचा भाव परंपरेने सांगितला आहे. चित्रातील सारी वेदना न काढलेल्या मातीत आहे.

येथे एक सावधगिरी हवी. जमीन न काढलेले प्रत्येक चित्र हरवलेल्या देशाचे नसते. तोहाकुच्या कोऱ्या जागेत धुके आहे आणि झेंगच्या कोऱ्या जागेत शोक. कोरा कागद दोन्हीकडे सारखाच आहे. त्याचा अर्थ शेजारच्या रेषेने आणि चित्रकाराच्या काळाने ठरवला आहे. म्हणून कोरी जागा पाहायची. पण तिला आधीच अर्थ चिकटवून टाकायचा नाही.

एका वाळलेल्या झाडाची कथा

शाईतील एकट्या झाडाचे जगात सर्वाधिक गाजलेले उदाहरण घ्यायचे, तर ते सु शी याच्या नावावर असलेल्या 'झाड आणि खडक' या चित्राचे घ्यावे लागेल. सु शी (१०३७–११०१) हा सोंग काळातील कवी, प्रशासक, सुलेखनकार आणि चित्रकार. अनेक दशके जपानमधील खासगी संग्रहात राहिलेले हे चित्र २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगच्या लिलावात ४६ कोटी ३६ लाख हाँगकाँग डॉलरना विकले गेले. ते निःसंशय त्याच्याच हातचे आहे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही शाईचे झाड वाचायला शिकण्यासाठी याहून चांगला पाठ सापडणे कठीण.

चित्र अगदी लहान आहे. उंची एका वितीहून थोडी जास्त. डावीकडे एक विचित्र खडक, शंखाच्या वेटोळ्यासारखा आत आत वळत गेलेला. खडकाआडून बांबूची थोडी पाने डोकावतात. खडकाला लागून एक वाळके झाड उगवले आहे. त्याचे खोड उजवीकडे कलते, स्वतःभोवती पीळ घेते आणि वर हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांत फुटते. बुंध्याशी थोडे गवत. बस्स. रेषा बऱ्याच ठिकाणी कोरडी आहे आणि खडकाचे वेटोळे तर हात न उचलता फिरवल्यासारखे दिसते.

आता चित्रकाराचे चरित्र पाहू. १०७९ मध्ये सु शीला अटक झाली. त्याच्या कवितांतून राजदरबाराच्या सुधारणांची टवाळी केल्याचा आरोप होता. शंभराहून अधिक दिवस तो कैदेत होता. शिरच्छेदाची भीती होती. ती टळली आणि त्याला हुआंगझोऊ या लांबच्या गावी धाडण्यात आले. तेथे त्याने पूर्वेकडच्या उतारावरची पडीक जमीन कसली आणि त्या उतारावरून 'दोंगपो' हे नाव घेतले. पुढे त्याला आणखी दूर, अखेरीस हायनान बेटावर हद्दपार करण्यात आले. शब्दांमुळे तुरुंगात गेलेल्या माणसासाठी वाळलेले झाड हा बोलण्याचा अधिक सुरक्षित मार्ग होता, असे म्हणता येते. त्याचा समकालीन चित्रकार आणि रसिक मी फू याने सु शीच्या अशा झाडांविषयी लिहून ठेवले आहे. फांद्यांचा तो न संपणारा पीळ त्याला सु शीच्या अंतःकरणात साठलेल्या घुसमटीसारखा वाटला होता.

म्हणजे शेवटी दुःखच ना, असे कोणी म्हणेल. दुःख आहेच, पण ते झाड वाळलेले आहे म्हणून आलेले नाही. ते पिळात आहे. आणि त्या पिळाची दुसरी बाजूही चित्रातच दिसते. झाड मोडलेले नाही. ते वळते, स्वतःला आवळते आणि पुन्हा वर जाते. खडकाआडची बांबूची पाने ताजी आहेत. चिनी परंपरेत बांबू हे वाकूनही न मोडणाऱ्या माणसाचे प्रतीक मानले जाते. घुसमट आणि चिवटपणा हे दोन्ही एकाच फटकाऱ्यात आले आहेत. 'एकाकीपणा' हा एकच शब्द या झाडाला पुरत नाही, तो यामुळे. स्वतः सु शीचे मतही असेच होते, की चित्राची पारख केवळ हुबेहूबपणावर करणे हे बालिशपणाचे आहे.

चित्रावरून निदान

झाडाचे चित्र वाचण्याचा प्रश्न कलादालनापुरता असता, तर त्यात फारसे काही बिघडले नसते. पण घरातील लहान मुलाने पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने एकच झाड काढले, तेही बिनपानांचे, की अनेक पालक धास्तावतात. या धास्तीला एक इतिहास आहे. अमेरिकेत जॉन बक यांनी १९४८ मध्ये घर, झाड आणि माणूस काढायला सांगणारी चाचणी मांडली. स्वित्झर्लंडमधील कार्ल कोख यांचे झाडाच्या चाचणीवरील पुस्तक १९४९ मध्ये आले. खोड, फांद्या, मुळे, ढोली यांवरून व्यक्तिमत्त्वाचा अंदाज घेण्याची ही पद्धत जगभर पसरली. तिची अर्धवट रूपे आज मासिकांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून फिरत असतात. ढोली म्हणजे जुनी जखम, मुळे नाहीत म्हणजे असुरक्षितता, वगैरे.

२००० साली स्कॉट लिलियनफेल्ड, जेम्स वुड आणि हॉवर्ड गार्ब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शाईचे डाग दाखवून किंवा चित्रे काढून घेऊन केल्या जाणाऱ्या अशा चाचण्यांचा सविस्तर आढावा घेतला. काही मोजके अपवाद वगळता त्यांतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे त्यांना आढळले. मुलाच्या चित्रातील एखाद्या खुणेवरून थेट त्याच्या मनाचे निदान करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळते. काळा पेन हाताशी होता म्हणून झाड काळे झाले असेल. पाने काढायचा कंटाळा आला असेल. फांद्यांचे जाळे काढण्यातच मूल रमले असेल. ढोली काढली असेल ती पोपटासाठी.

अशा वेळी मुलाला 'तू दुःखी आहेस का?' असे विचारण्याऐवजी 'या झाडाबद्दल सांग' असे म्हणावे आणि ऐकावे. मुलाची झोप, भूक, शाळा, मैत्री यांत काही बदल जाणवत असेल, तर तज्ज्ञांकडे जरूर जावे. मात्र ते त्या बदलांसाठी, एका कागदासाठी नव्हे. मोठ्यांच्या चित्रालाही हाच न्याय लावावा. सु शीच्या झाडाविषयी आपण जे म्हणू शकतो, ते त्याचे चरित्र, त्याचा काळ आणि समकालीनांची साक्ष हाती असल्यामुळे. नुसत्या वाळक्या फांदीवरून एवढे म्हणता आले नसते.

रिकामे आसन आणि वृक्ष

एकटे झाड म्हणजे उणीव, ही कल्पना भारतीय कलेच्या आरंभाशीही जुळत नाही. भारहूत आणि सांची येथील प्राचीन बौद्ध शिल्पांत बुद्धाची मानवाकृती दाखवलेली नाही. तेथे एक वृक्ष असतो, त्याखाली रिकामे आसन असते आणि भोवती हात जोडलेले उपासक असतात. विदर्भही या परंपरेला परका नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले, आणि तेथील शिल्पांतही बुद्धाची उपस्थिती चिन्हांमधूनच सुचवली आहे. अशा शिल्पांत झाडाखाली कोणी बसलेले दिसत नाही. पण ती जागा रिकामी आहे असे एकाही उपासकाला वाटत नाही. न दाखवलेली गोष्टच तेथे सर्वांत अधिक उपस्थित आहे.

नागपूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीच्या आवारात बोधिवृक्ष आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या आणून तो वाढवला. त्याच्यापुढे हात जोडणाऱ्या माणसाच्या मनात एकाकीपणाचा विचारही येत नाही. एक झाड, आणि त्यात एका समाजाची आठवण.

शाईच्या चित्रांचा या परंपरेशी धागा आहे. बौद्ध साधनेतील 'ध्यान' हा शब्द चीनमध्ये 'चान' झाला आणि जपानमध्ये 'झेन'. या पंथाच्या भिक्षूंनी शाईचे चित्र ध्यानाच्या जवळ नेले. मोजक्या फटकाऱ्यांत एखादे फळ, एखादा पक्षी, एखादी फांदी काढायची, आणि बाकीचे सोडून द्यायचे. सोडून देणे हा त्यांच्या साधनेचाच भाग होता. एकटे झाड या चित्रांत येते, ते बहुधा मन एका ठिकाणी स्थिर झाल्याची खूण म्हणून.

अजिंठ्याच्या वाटेने

आधुनिक काळात ही शाई भारतात परत आली, आणि त्या प्रवासात महाराष्ट्राचा वाटा आहे. जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो १९०२ मध्ये कोलकात्यात होते. त्यांच्या पाठोपाठ १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे चित्रकार आले. टागोरांच्या घरी त्यांनी दाखवलेली कुंचल्याची रीत अवनींद्रनाथांनी आपलीशी केली. १९१६ मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून अराइ काम्पो आले. त्यांनी कोलकात्यात शाईचे तंत्र शिकवले आणि नंतर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. जपानमध्ये नेलेल्या त्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. शिकवलेले तंत्र मात्र येथे रुजले.

नंदलाल बोस हे या साऱ्याचे वारस. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे काम त्यांनी स्वतः तरुणपणी केले होते. १९२४ मध्ये ते रवींद्रनाथांबरोबर चीन आणि जपानला गेले. १९३६ च्या अखेरीस खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट गांधीजींनी त्यांच्याकडे सोपवली, तेव्हा त्यांनी बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून ती उभी केली. थोडक्यात पुष्कळ सांगण्याची हीच वृत्ती त्यांच्या शाईच्या रेखाटनांत दिसते. शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांनी झाडाची नक्कल करण्याआधी त्याची वाढण्याची रीत ओळखावी, यावर त्यांचा भर असे. उत्तरायुष्यात त्यांनी शाईची चित्रे मोठ्या संख्येने काढली. त्यांतील झाडे आपल्याच मातीतली आहेत. उधार घेतलेली आहे ती फक्त कुंचला धरण्याची शिस्त.

नागपुरात जन्मलेला चित्रकार

या कहाणीचा एक पदर थेट नागपूरला येऊन मिळतो. वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरात झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे, घडण मुंबईची. १९४८ मध्ये त्यांनी सर जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका घेतली. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे ते दिल्लीत स्थायिक झाले आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. झेन विचारांची त्यांना ओढ होती. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणेही त्यांना मान्य नसे, आणि बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षकही दिले नाही.

१९८४ मधील अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणे त्यांना अवघड झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी कागदावर काळ्या शाईची लहान चित्रे केली. त्यांत झाड नाही. कोणत्याही लिपीत नसलेल्या अक्षरांसारखे आकार आहेत, आणि भोवती पांढरा कागद. पण आतापर्यंत जे पाहिले, ते सारे येथे उपयोगी पडते. कुंचला कोठे टेकला, कोठे उचलला, शाई कोठे दाट झाली, कोरी जागा किती आणि का. शाईचे झाड पाहायला शिकलेल्या माणसाला गायतोंडे यांची ही चित्रे अनोळखी वाटत नाहीत. आणि गायतोंडे यांच्या चित्रांपुढे शांतपणे उभा राहिलेला माणूस शाईच्या झाडाला घाईने 'एकाकी' म्हणत नाही. आधाराला विषयच नसला, की पाहण्याशिवाय दुसरा उपाय उरत नाही.

पाहण्याचा क्रम

तेव्हा पुढच्या वेळी असे चित्र समोर आले, तर क्रम उलटा करून पाहावा. आधी रेषा पाहावी. ती एका दमात गेली की गिरवली, ओली की कोरडी. मग शाईच्या छटा मोजाव्यात; जवळचे काय, दूरचे काय हे त्या सांगतात. मग कोरी जागा; ती धुके आहे, आकाश आहे की नाकारलेली जमीन. मग झाडाची ठेवण. ते कागदाच्या मध्यावर आहे की कडेला, कोठे झुकते आणि कशाच्या दिशेने. त्यानंतर चित्रकार कोण, काळ कोणता, हे माहीत असेल तर लक्षात घ्यावे. अर्थ अगदी शेवटी, आणि तोही एकाच शब्दात बसवण्याचा हट्ट न धरता. इतके करायला पाच मिनिटे पुरतात.

आणि निष्पर्ण झाड म्हणजे संपलेले झाड, हे समीकरण विदर्भातील माणसाने तरी मान्य करू नये. आपल्या रानांतला साग उन्हाळ्यात पाने टाकतो, ते पाणी राखण्यासाठी. मोहाची पाने झडतात आणि त्याच काळात फुले टपकू लागतात. पळसाचा बहर तर बिनपानांच्या फांद्यांवरच पेटतो. फेब्रुवारीच्या मध्यात, कळ्या उमलण्यापूर्वी, पळसाचे एखादे झाड कोणी शाईत काढले, तर कागदावर फक्त वाकड्या काळ्या फांद्या दिसतील. ते झाड दुःखी आहे की फुलण्याच्या तयारीत, हे फांदीच्या टोकाशी शाई कशी थांबली आहे, ते पाहूनच सांगता येईल.